उठलास तेव्हा पडद्यावर काय होतं

मिलिंद, तो सिनेमा मी पुन्हा पाहिला.

हे ऐकून तू काय म्हणाला असतास ते मला पाठ आहे. "एकदा पाहून पोट नाही भरलं काय बे?" पण गेलो. कोथरूडच्या त्याच थिएटरात, दुपारच्याच खेळाला, आणि रांगही तीच मागून घेतली. कडेच्या खुर्चीवर दुसरं कोणी येऊन बसू नये म्हणून तिचंही तिकीट काढलं. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "काका, दोघं जण ना?" मी हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर समजावत बसावं लागलं असतं.

सुनंदा वहिनींनी विचारलं म्हणून गेलो. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, लोक जेवायला बसले, आणि वहिनी मला बाजूला गॅलरीत घेऊन गेल्या. मला वाटलं, आता रडतील आणि आपल्याला धीर द्यावा लागेल, आणि तो आपल्यापाशी मुळीच नाही. त्या रडल्या नाहीत. सरळ म्हणाल्या, "भाऊजी, ते उठून गेले तेव्हा पडद्यावर काय सुरू होतं? कशाचा एवढा राग आला होता त्यांना?"

तुझ्या शेजारी बसलेला मीच, आणि मलाच माहीत नाही. मी म्हणालो, "बघून सांगतो." असलं विचित्र वाक्य त्या गॅलरीत आजवर कोणी बोललं नसेल. वहिनींनी मात्र मान हलवली आणि आत निघून गेल्या.

मी अजून धक्क्यातून बाहेर आलेलो नाही, हे तुला सांगायला हरकत नाही. लोक म्हणतात, वय झालं होतं, हृदयाचा त्रास होताच, कधीतरी व्हायचंच. होऊ दे ना, पण मी आत एसीत बसून समया नाचवणाऱ्या पन्नास बायका बघत असताना कसं होईल? हे डोक्यात शिरत नाही. सकाळी दाढी करताना हात थांबतो आणि मी स्वतःशीच म्हणतो, काहीतरीच काय!

आपली ओळख पाणीपुरवठा विभागातली. तू नागपूरकडून बदलून आलेला इंजिनिअर. मी कसब्यातल्या तांबट आळीतला, तांब्यावर ठोके घालायचा घरचा धंदा जमला नाही म्हणून नकाशे काढायला लागलेला. पाइप कुठून न्यायचा ते तू सांगायचास आणि मी ते कागदावर उतरवायचो. पहिल्याच आठवड्यात तू माझा नकाशा परत पाठवलास, कारण मी टाकी उताराच्या खालच्या अंगाला दाखवली होती. "पाणी चढ चढून जाते काय पुण्यात?" असं तू सगळ्यांसमोर विचारलंस. पुणेकराला पुण्यावरून टोमणा मारणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी म्हणालो, "साहेब, इथे माणसं चढून जातात, पाण्याला कोण विचारतो?" तू हसलास, आणि त्या दिवसापासून आपला डबा एका टेबलावर उघडायला लागला.

ऐतिहासिक सिनेमांचं वेड आपल्या दोघांनाही होतं. मला वेशीबुरुजांचं, वाड्यांच्या चौकांचं. तुला एकाच गोष्टीचं. सिनेमा कोणताही असो, राजा कोणताही असो, तू एकच बघायचास: या सगळ्यांना प्यायला पाणी कुठून येतंय.

तुझं ते पहिलं उठून जाणं मला लख्ख आठवतं. पडद्यावर किल्ल्याला वेढा पडलेला, रसद महिनोन्महिने बंद, शिपायांचे ओठ मेकअपने फाटलेले, आणि राणीसाहेब काठोकाठ भरलेल्या हौदात गुलाबाच्या पाकळ्या टाकून स्नान करतायत. वर गाणं. तू भर थिएटरात उभा राहिलास आणि म्हणालास, "अबे, हे पाणी कुठून आणून राहिले?" मागून कोणीतरी म्हणालं, "आजोबा, बसा." तेव्हा तू चाळिशीतसुद्धा नव्हतास. तू बसला नाहीस. तरातरा बाहेर गेलास.

मी तुझ्यामागून आलो, तर तू माझ्यावरच उखडलास. "तू कशाला आलास? दोघांचंही तिकीट फुकट घालवतो काय? जा आत. पूर्ण बघ, अन् शेवट सांगजो मला." मी मुकाट परत जाऊन बसलो. तेव्हापासून तो नियमच झाला. तू कडेची खुर्ची घ्यायची, सहन होईल तेवढं बघायचं, मग उठायचं. मी उठायचं नाही. मी दोघांच्या वतीने बघायचं. तू बाहेर बाकावर चहा घेत बसणार, आणि सिनेमा सुटला की मी येऊन उरलेली गोष्ट सांगणार. आणि गंमत अशी, की पाहिलेल्या भागापेक्षा न पाहिलेल्या भागावर तू जास्त तावातावाने बोलायचास. मी काही बदलून सांगितलं तर बरोब्बर ओळखायचास. "हे तू घातलंस. एवढी अक्कल त्याला नाही."

वहिनींना हे अजिबात आवडायचं नाही. डॉक्टरांनी तुला बीपीच्या गोळ्या दिल्यापासून तर त्या म्हणायच्या, "पैसे देऊन राग विकत आणायचा कशाला? भजनं ऐका, फिरायला जा." तू म्हणायचास, फिरायलाच जाऊन राहिलो, थिएटरपर्यंत.

आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे, तेही इथेच बोलून टाकतो. निवृत्त झाल्यानंतर एकदा, अशाच एका सिनेमावरून परत येताना, मी म्हणालो होतो की सिनेमा म्हणजे काही पाणीपुरवठा योजना नाही. लोक तिथे पराक्रम बघायला येतात, दोन तास छाती फुगवून घरी जातात, त्यात पाण्याच्या पखाली कोण मोजत बसणार? तू चालता चालता थांबलास. कर्वे रोडवर मागून हॉर्न वाजत होते. तू म्हणालास, "राजाचं कूळ सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या घोड्याचंसुद्धा नाव माहीत आहे. त्या घोड्याला पाणी पाजणारा कोण होता? त्याचा नातू पण तिकीट काढून येते ना सिनेमाला. त्याला आपलं कोणीच दिसत नाही पडद्यावर. आपले लोक काहून नाही दिसत?"

मी म्हणालो, "तुला प्रत्येक गोष्टीत तेच दिसतं."

"तेच म्हणजे काय? बोल ना. तेच म्हणजे काय?"

बस आली, तू चढलास. पुढच्या रविवारी तू काही झालंच नाही अशा थाटात फोन केलास, मीही तसंच दाखवलं. पण तू तो प्रश्न विसरला नव्हतास आणि मीही नाही. मला खरोखर तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. नंतर सुचत गेलं, हळूहळू, आणि ते असं की तुला जे दिसत होतं ते मला दिसण्याची गरजच कधी पडली नव्हती. तांबट आळीतल्या माणसाला सिनेमात निदान आपल्या घरचे हंडे-घंगाळं तरी दिसतात. हे तुला सांगायचं होतं. एखाद्या दिवशी सांगू म्हणत राहिलो.

आता या सिनेमाकडे येतो. त्याचं नाव घेत नाही, शहरातल्या प्रत्येक चौकात ते टांगलेलं आहे. सेनापतीचा सिनेमा, कोट्यवधींचा खर्च, आणि त्या खर्चाची जाहिरात सिनेमापेक्षा मोठी. बडा घर पोकळ वासा, हे आपल्याला ट्रेलरवरूनच कळलं होतं. तरी गेलो, कारण न बघता शिव्या देणं तुला मान्य नव्हतं. वहिनी दारातून म्हणाल्या, "चिडू नका हं." तू म्हणालास, "आज नाही चिडत." रिक्षात बसल्यावर मला म्हणालास, "फार नाही चिडत."

काय नव्हतं त्या सिनेमात! सेनापतीचा दिवाणखाना एवढा मोठा, की आमच्या कसब्यातल्या दोन गल्ल्या त्यात आरामात बसल्या असत्या. झुंबरं टांगलेली. सेनापतीची छाती अशी, की हा माणूस सकाळी मोहिमेऐवजी जिममध्ये जातो हे शेंबड्या पोरालाही कळावं. शत्रू तेवढे सगळे काजळ घातलेले आणि हाताने मांस ओरबाडणारे. घरच्या बायकांना दोनच कामं, ओवाळणं आणि वाट बघणं. तलवार उपसली की आवाज, म्यान केली की आवाज, नुसतं मान वळवून बघितलं तरी ढोल. कोणी साधं बोलतच नव्हतं. लेकाला "जेवलास का?" असं विचारतानाही बाप आकाशाकडे बघत होता. मी तुझ्या कानाशी म्हणालो, "या घरात मीठ मागायचं असेल तर शंख फुंकत असतील." तू हसलास. तुझं शेवटचं हसणं तेच होतं, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं आणि पेन खाली ठेवावं लागलं.

छावणी आली तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं. डोंगराच्या उघड्या माथ्यावर नजर पोहोचेल तिथवर तंबू, हत्ती, घोडे, आणि विहीर नाही, ओढा नाही, एक बैल नाही, एक पखाल नाही. चूलसुद्धा नाही. मला वाटलं, आता उठणार. तू उठला नाहीस. कपाळाचा घाम पुसलास. एवढ्या एसीत घाम, आणि मला वाटलं की तू वैतागून तोंड पुसतोयस.

इंटरव्हलमध्ये तू काही खाल्लं नाहीस. म्हणालास, "मळमळ होऊन राहिली रे."

मी म्हणालो, "एवढ्या कोटींची मळमळ आहे. सहजासहजी जायची नाही."

असं बोललो मी, मिलिंद. आजूबाजूचे दोघं-तिघं हसले, म्हणून मला आणखी बरं वाटलं. मागाहून डॉक्टरांनी सांगितलं की मळमळ आणि घाम हीच खूण असते, छातीत दुखलंच पाहिजे असं नाही. पुण्यात तिरकं बोलायला शिकवावं लागत नाही, आईच्या दुधातून येतं. त्याची एवढी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती.

इंटरव्हलनंतर ते समयांचं गाणं लागलं. उद्या युद्ध, आज नाच. मी मोबाईल काढला, लेकीचा निरोप आला होता, तो वाचत बसलो. गाणं संपलं तेवढं कानाला कळलं, आणि मग तुझा हात माझ्या खांद्यावर पडला. जरा जड. मी मान वर केली नाही. तू उठून पायऱ्या उतरून गेलास. मी उत्तर टाइप केलं, मोबाईल खिशात ठेवला आणि पडद्याकडे बघितलं, तर लढाई जुंपलेली. ढोल, धूळ, हवेत उडणारी माणसं. मी मनात म्हटलं, लढाई लागली, उठला गडी. आणि तुझ्या वाटणीचं बघत बसलो, नियमाप्रमाणे.

सिनेमा सुटला. तुला काय सांगायचं त्याचं पहिलं वाक्य मी जिना उतरतानाच तयार केलं होतं. सेनापती मेल्यावरही त्याच्या भाषणाला दोन कडवी शिल्लक होती, असं काहीतरी. स्वतःवर खूश होऊन मी बाकापाशी आलो. बाकावर तू नव्हतास. झाडू मारणाऱ्या मावशी म्हणाल्या, "त्या आजोबांच्या बरोबर तुम्हीच का हो?" मी हो म्हणालो. "त्यांना नेलं की हो दवाखान्यात. बसल्या जागीच कलंडले. फोन लावत होतं ना कोणीतरी." मोबाईल मीच मूक करून ठेवला होता. वहिनींचे इतके फोन येऊन गेले होते. मी पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वहिनी दवाखान्यातल्या लोखंडी खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर तुझा चष्मा होता. त्या मला म्हणाल्या, "सिनेमा संपला का?" त्यात टोमणा नव्हता, त्यांना फक्त काय बोलावं ते सुचत नव्हतं.

तेव्हापासून एकच विचार माझ्या डोक्यात बसला आहे. तू चिडून उठला असशील तर गोष्ट वेगळी. मग तू नेहमीसारखा बाहेर गेलास, बाकावर बसलास, आणि नंतर जे झालं ते झालं. आत बसलेल्या मला ते कसं कळणार? पण तू त्रास होत होता म्हणून उठला असशील, तर तुझा हात माझ्या खांद्यावर होता आणि मी मोबाईल बघत होतो. दोन्हींतलं खरं काय ते ठरवायचा एकच मार्ग होता. गाणं संपल्यापासून लढाई लागेपर्यंत पडद्यावर काय आहे ते बघायचं. तिथे तुला उठवणारं काही असेल तर सुटलो.

म्हणून मी त्या रांगेत बसलो होतो, शेजारी रिकामी खुर्ची ठेवून. आयुष्यभर आपण सिनेमे चांगले निघावेत अशी आशा धरून गेलो आणि हात हलवत परत आलो. काल पहिल्यांदा मी देवाजवळ मागत होतो की सिनेमा वाईट निघू दे. पहिला अर्धा भाग वाईट होताच, बघताना धीर येत होता. झुंबरं आली. छावणी आली. गाणं लागलं, आणि मी खुर्चीच्या कडेला सरकलो. आता फक्त एखादा हौद दाखवा म्हटलं. एखादं कारंजं. ज्यांनी एवढं सगळं चुकवलं, त्यांना आणखी एक चूक जड नव्हती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मी स्वतःला बजावत होतो.

गाणं संपलं. ढोल थांबले. आधी मला वाटलं, थिएटरचा आवाज बिघडला.

कोरडी नदी. पहाट नुकती फुटते आहे. वाळूतून एक म्हातारा पाठीवर रिकामी पखाल घेऊन चालत येतो. बसतो. हातांनी वाळू उकरतो, कोपरापर्यंत. थांबतो आणि नुसता बघत राहतो. खड्ड्यात हळूहळू ओल येते, मग बोटभर गढूळ पाणी. ते निवळायची तो वाट बघतो. नारळाची करवंटी काढून घोट घोट पाणी पखालीत भरायला लागतो. संगीत नाही, कोणाचं भाषण नाही. कॅमेरा त्याच्या हातांवरून हलत नाही. एक घोडा मान खाली घालत येतो, त्याला तो आधी पाजतो. मग एक तरणा शिपाई ओंजळ पुढे करतो, त्याला पाजतो. शिपाई तोंड पुसून निघून जातो, म्हाताऱ्याकडे बघतही नाही. म्हातारा परत खड्ड्याशी बसतो. आता पाणी पुन्हा यायची वाट बघायची. आणि तेव्हा कॅमेरा त्याच्या तोंडावर जातो, आणि तिथे राहतो.

लोक कंटाळून मोबाईल बघायला लागले होते, माझ्या रांगेत तर दोघं उठून पॉपकॉर्न आणायला गेले. मी तो चेहरा बघत होतो. नागपूरकडच्या उन्हात रापलेला, कोणाच्याही आज्याचा असेल असा चेहरा. पुढच्या क्षणी ढोल वाजले, लढाई सुरू झाली, आणि पुढचा सगळा भाग मी त्या दिवशी पाहिला होता, त्यात तो म्हातारा कुठेच नव्हता.

मिलिंद, तू तिथे उठलास. तीन तासांच्या त्या सगळ्या गोंगाटात ती एकच जागा अशी होती की तू माझं मनगट धरून म्हणाला असतास, "बघ." तुझा हात खांद्यावर पडला तो आधारासाठी की मला ते दाखवण्यासाठी, हे आता कोण सांगणार? तुला वाळू उकरताना तरी दिसली का? पाणी दिसलं का? असं दृश्य समोर असताना तू राजीखुशीने उठून जाणार नाहीस, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत आहे. तुला उभं राहवत नसेल, बसवतही नसेल, म्हणून गेलास.

माझ्या पलीकडे एक कॉलेजातली मुलगी बसली होती, मित्राबरोबर आलेली. ती वाकून म्हणाली, "काका, बरं वाटत नाहीये का तुम्हाला? बाहेर घेऊन जाऊ?" अंधारात, ओळख नाही पाळख नाही, आणि तिला दिसलं. मी म्हणालो, "नाही गं, बरा आहे." तिचा मित्र तरी उठला आणि त्याने मला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या. मी त्याला थांबवलं नाही.

तसाच रिक्षा करून तुझ्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बघून आलात?" मी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगितलं. नदी, वाळू, करवंटी, घोडा, तो म्हातारा. त्या ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "पखाल पाठीवर होती की बैलावर?" तुझ्याबरोबर इतकी वर्षं संसार केलेल्या बाईलाच हा प्रश्न सुचणार. मी म्हणालो, पाठीवर.

"म्हणजे रागावण्यासारखं काही नव्हतं तिथे?"

"काहीच नव्हतं, वहिनी. त्यांना आवडलं असतं."

"चिडून नाही उठले?"

"नाही."

त्यांनी पदराने डोळे पुसले. तू गेल्यापासून त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. "मला वाटून राहिलं होतं, रागातच गेले," त्या म्हणाल्या. "रोज रात्री तेच यायचं डोक्यात. घरातून निघताना सांगितलं होतं, चिडू नका म्हणून. शेवटच्या दिवशी ऐकलं म्हणायचं माझं." आणि त्या हसल्या, आणि उठून चहा टाकायला गेल्या. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बरं झालं भाऊजी, तुम्ही जाऊन पाहून आलात. फार बरं झालं."

मी तो चहा प्यायलो. वहिनींना जे उत्तर हवं होतं ते त्यांना मिळालं, आणि मी ते कधीही बदलणार नाही. पण मी तिथे दुसरं उत्तर शोधायला गेलो होतो, हे त्यांना सांगितलेलं नाही. तुला सांगतो. अख्खा सिनेमा चुकांनी भरलेला होता रे. झुंबरं चुकली, छावणी चुकली, बायका चुकल्या, बाप चुकला. त्यातली एक, एकच चूक त्या जागी असती, तर तू चिडून बाहेर गेला असतास आणि मी नेहमीसारखा आत बसून राहिलो, एवढंच झालं असतं.